होजिअरीवरील बारीक अक्षरांचे भरतकाम

टी-शर्ट, मॅटी (बारीक खळग्यांच्या विणीचे) पोलो, ट्रॅकसूट अशा विणीच्या, ताणणाऱ्या कापडावर संगणकीय मशीनने सेंटिमीटरच्या आतली अक्षरे भरण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या सीमाभागात मंडळांच्या आणि खेळाच्या टी-शर्टांवर ते मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत करावे लागते.

होजिअरी आडवी जास्त ताणते. ती ताणून फ्रेममध्ये बसवली, तर मशीनवर अक्षर देखणे दिसते. फ्रेम सोडताच कापड आकसते आणि अक्षराभोवती चुण्या पडतात. म्हणून कापडाखाली आधाराला लावलेला पेपर ताठ हवा, कापड नुसते सपाट. पेपर कापून काढायचा, म्हणजे कट-अवे घ्यावा; फाडायचा पेपर धुण्यात आधार सोडतो. वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी, नाहीतर टाके मॅटीच्या खळग्यांत बुडतात. ४० नंबर धाग्याऐवजी त्याहून बारीक ६० नंबर आणि ६५/९ मापाची, गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई वापरावी. टोकदार सुई विणीचा फास तोडते, आणि ते भोक धुतल्यावर पसरते. वरच्या धाग्याचा ताण थोडा सैल, वेग मिनिटाला सुमारे ६०० टाके.

तरी बहुतेक अक्षरे बिघडतात ती पंचिंगमध्येच, म्हणजे संगणकावर टाक्यांची फाइल बनवताना. साटिनच्या, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांनी भरलेल्या पट्टीत टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आवळते आणि पट्टीच्या टोकांकडे ढकलले जाते. ‘ग’चा दांडा त्यामुळे बारीक होतो, पण लांबीला वाढून शिरोरेषेच्या वर डोकावतो. दांडा शिरोरेषेच्या वरच्या कडेआधीच थांबवावा, रुंदीला ०.२ ते ०.३ मिमी भर द्यावी आणि शिरोरेषा शेवटी भरावी. तिच्याखाली सगळी टोके झाकली जातात. पट्टी ०.८ मिमीपेक्षा अरुंद नको. ‘ब’, ‘ष’ यांची पोटे बुजत असतील तर टाके विरळ करण्याआधी पोटच मोठे करावे. अंडरले, म्हणजे साटिनखाली आधी घालायचा आधाराचा टाका, मधोमध एकच धाव टाक्याचा. झिगझॅग अंडरलेने अक्षर फुगते. अनुस्वाराचा ठिपका १ मिमीच्या आत गेला की त्याची गाठ होते.

कन्नडमध्ये शिरोरेषा नाही, पण जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, ओत्तक्षर, खाली लहान बसते. मराठीत ‘निपाणी’ सरळ आहे. कन्नडमध्ये तेच नाव ‘निप्पाणी’ होते आणि ‘प’चे ओत्तक्षर येते. नावाची उंची त्या सर्वांत लहान भागावरून ठरवावी, मुख्य अक्षरावरून नव्हे.

भरून झाल्यावर फिल्म ओल्या फडक्याने टिपावी. मागचा पेपर अक्षरापासून पाऊण सेंटिमीटर सोडून, कात्रीची बोथट बाजू कापडाकडे ठेवून कापावा.