ट्रायल्स मोटारसायकल : वजन उतरवण्याच्या शतकाची पार्श्वभूमी

नाशिकच्या कुठल्याही गॅरेजमध्ये 'गाडी मॉडिफाय करायची आहे' असे म्हटले की मिस्त्रीच्या मनात पहिला विचार ताकद वाढवण्याचा येतो. बोअर वाढवायचा, मोठा कार्बोरेटर बसवायचा, सायलेन्सर मोकळा करायचा, असे ते गणित असते. ट्रायल्स या खेळासाठी गाडी तयार करताना हे गणित उलटे मांडावे लागते, कारण तिथे वजन उतरवले जाते, इंजिनाचा तापटपणा कमी केला जातो आणि गाडी माणसाच्या चालीने चालेल इतकी सौम्य केली जाते. जुनी येझदी किंवा आरएक्स हंड्रेड घेऊन या खेळाकडे वळू पाहणाऱ्यांना ही गोष्ट सांगून लवकर पटत नाही. ती पटण्यासाठी या गाड्या आजच्या रूपाला कशा आल्या, हे पाहणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

ट्रायल्समध्ये वेगाला महत्त्व नसते. ओढ्याचे पात्र, उभी चढण, ओले दगड, झाडांची मुळे अशा ठिकाणी एक छोटा टप्पा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात, आणि तो पाय न टेकता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन आणि टप्पा पूर्णच झाला नाही तर पाच, अशी मोजणी असते व ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो जिंकतो. या एका नियमातून गाडीच्या रचनेचे आणि देखभालीचे जवळजवळ सर्व प्रश्न उभे राहतात. इंजिन फार कमी फेऱ्यांवर बंद न पडता ओढले पाहिजे, क्लच सतत अर्धवट दाबलेल्या अवस्थेत टिकला पाहिजे आणि समोरून वारा लागत नसतानाही सिलिंडर तापून बसता कामा नये.

खेळाची सुरुवात मात्र वेगळ्याच हेतूने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल हे भरवशाचे वाहन नव्हते, त्यामुळे ते वाईट रस्त्यांवर टिकते की नाही याची 'चाचणी' घेणे कारखानदारांना गरजेचे होते आणि खेळाचे नावही त्यातूनच आले. स्कॉटलंडमधील बहुदिवसीय स्पर्धेची परंपरा १९०९ पासूनची आहे. पुढे 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' म्हणून प्रसिद्ध झालेली ही स्पर्धा आजही फोर्ट विल्यमच्या परिसरात भरते. १९१४ मध्ये यॉर्कशायरमधील कारखानदार आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी आपल्याच कामगारांना डोंगराळ वाटेने गाडी नेऊन दाखवण्याचे आव्हान दिले आणि त्यातून 'स्कॉट ट्रायल' उभी राहिली. त्या काळी स्पर्धक ज्या गाडीवर कामाला जात त्याच गाडीवर स्पर्धेला येत. दिवा काढणे, सायलेन्सर वर उचलून बांधणे आणि मागची चेनचकती मोठी करणे एवढीच काय ती तयारी असे.

यातला एक प्रसंग आपल्याला फार जवळचा आहे. १९४८ च्या आरंभी इंग्लंडमधील 'कोलमोर कप ट्रायल' स्पर्धेत रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले आणि त्यांना मागे स्विंगआर्म (मागचे चाक वरखाली हलू देणारा दांडा) व शॉकअॅब्सॉर्बर होते. ट्रायल्समध्ये मागचा सांगाडा ताठच हवा, स्प्रिंग बसवली तर चाकाची पकड सुटते, अशी तेव्हाच्या जाणकारांची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात याच्या उलट घडते, कारण ताठ गाडीचे चाक दगडावरून उडाले की काही क्षण हवेत राहते, तर शॉकअॅब्सॉर्बरवरचे चाक दगडाचा आकार धरून पुन्हा खाली येते आणि पकड टिकवते. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळवली आणि वादाचा बराचसा निकाल लागला. पुढे जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटिश स्पर्धा जिंकली.

मद्रासमध्ये १९५५ पासून जी बुलेट आकाराला आली तिची वंशावळ ही अशी ट्रायल्सच्या चिखलातून येते. कंपनीने २०१९ मध्ये भारतात 'बुलेट ट्रायल्स' या नावाने उचललेला सायलेन्सर, एकच सीट आणि खाचदार टायर असलेली गाडी आणली ती याच स्मृतीसाठी. ती गाडी दिसायला देखणी होती, मात्र पावणेदोनशे किलोंहून अधिक वजनाची गाडी सेक्शनमध्ये पाय न टेकता फिरवणे फार थोड्यांना जमेल. तिला खेळाचे साधन न मानता इतिहासाची आठवण मानावे, असे माझे मत आहे.

वजनाचा प्रश्न ज्या माणसाने सर्वांत हट्टाने हाताळला तो म्हणजे ट्रायल्सस्वार सॅमी मिलर. त्यांच्याकडे एरियल एचटी५ ही ५०० सीसीची चार-स्ट्रोक गाडी होती आणि 'जीओव्ही १३२' हा तिचा नोंदणी क्रमांक आजही जाणकारांच्या तोंडी आहे. पोलादी टाकीच्या जागी फायबरची टाकी, जड भागांच्या जागी हलक्या मिश्रधातूचे भाग आणि पातळ पण मजबूत नळ्यांचा नवा सांगाडा असे करत त्यांनी ती गाडी सुमारे ११० किलोंपर्यंत खाली आणली. त्यांच्या पद्धतीत मला शिकण्यासारखे वाटते ते असे, की प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पट्टी हातात घेऊन 'हिची गरज आहे का' असा प्रश्न विचारला जात होता. इंजिनातून अधिक ताकद काढण्यापेक्षा ही मेहनत स्वस्त होती आणि तिचा उपयोगही अधिक झाला.

याच मिलर यांनी १९६४ च्या अखेरीस ब्रिटिश कारखान्यांचा मार्ग सोडला आणि ते स्पेनमधील बुल्ताको कंपनीत गेले. फ्रान्सिस्को बुल्तो यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी दोन-स्ट्रोक इंजिनांसाठी ओळखली जात होती. मिलर यांच्या हाताखाली तयार झालेली शेर्पा टी ही गाडी ९० किलोंच्या आसपासची होती आणि तिने १९६५ मध्ये स्कॉटिश स्पर्धा जिंकली. त्या एका विजयाने जड चार-स्ट्रोक गाड्यांचा काळ संपवला. दोन-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम आणि टॅपेट नसल्यामुळे ते हलके असते आणि घरच्या घरी उघडताही येते, म्हणून सामान्य स्पर्धकाला आपल्या गाडीची देखभाल स्वतः करणे या बदलानंतर खऱ्या अर्थाने शक्य झाले. मात्र हे इंजिन मुळात चटकन फेऱ्या पकडणारे असल्याने त्याला शांत करण्यासाठी जड फ्लायव्हील (इंजिनाची फेरी चालू ठेवणारे फिरते चाक), कमी दाब आणि लहान कार्बोरेटर हे उपाय आवश्यक ठरले.

शेर्पाच्या मागोमाग स्पेनच्याच माँतेसाची कोटा, ओसाची ट्रायल्सस्वार मिक अँड्र्यूज यांच्या नावाची गाडी आणि अँड्र्यूज यांच्याच सल्ल्याने तयार झालेली यामाहाची टीवाय मालिका बाजारात आली. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिन बुल्ताकोवरच होता. पुढे बुल्ताको आणि ओसा हे कारखाने बंद पडले, तरी त्यांच्या गाड्या मागे दोन शॉकअॅब्सॉर्बर असलेल्या गाड्यांच्या स्वतंत्र गटात आजही स्पर्धांत उतरतात.

१९८० च्या दशकात जे बदल झाले त्यांनी देखभालीचे स्वरूपच पालटले. दोन शॉकअॅब्सॉर्बरच्या जागी मध्यभागी एक आला आणि त्याच्याबरोबर लिंकेज, म्हणजे त्याला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारे सांधे, आले. हे लिंकेज गाडीच्या पोटाखाली, पाणी आणि चिखल सर्वांत जास्त जिथे पोचतो अशा जागी असते, त्यामुळे त्याची सुईबेअरिंग वेळोवेळी उघडून ग्रीस केली नाहीत तर ती गंजून बसतात. ड्रम ब्रेकऐवजी डिस्क आली आणि तारेच्या क्लचऐवजी हायड्रॉलिक क्लच आला, त्यामुळे एका बोटाने क्लच धरून ठेवता येऊ लागला. रेडियल ट्यूबलेस टायर हा या सर्वांत मोठा बदल मानावा लागेल. मागच्या टायरमध्ये केवळ चार-पाच पौंड हवा ठेवली की तो दगडाभोवती अक्षरशः वळतो. रस्त्यावरच्या गाडीत पंचवीस-तीस पौंड हवा भरण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा चुकीचा वाटतो. ट्यूब असलेल्या जुन्या चाकात इतकी कमी हवा ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो, म्हणून टायर रिमला जखडणारा विशेष बोल्ट वापरावा लागत असे. येझदीच्या चाकावर प्रयोग करणाऱ्याने आजही तो वापरल्याशिवाय हवा उतरवू नये.

पाण्याने थंड होणारी इंजिने त्यानंतर रूढ झाली. २००५ मध्ये माँतेसाने बॅटरीविना चालणारे फ्युएल इंजेक्शन असलेली चार-स्ट्रोक ४आरटी आणली आणि माँतेसाच्याच गाड्यांवर तोनी बोऊ यांनी २००७ ते २०२४ पर्यंत सलग जागतिक अजिंक्यपद मिळवले. आजच्या स्पर्धेच्या गाड्या साधारण ६५ ते ७५ किलोंच्या असतात, त्यांना बसण्याजोगी सीट नसते आणि टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल मावते. त्यांची देखभाल किलोमीटरवर मोजता येत नाही. एका दिवसात गाडी वीस किलोमीटरही चालत नाही, पण इंजिन आणि क्लच कित्येक तास राबलेले असतात. म्हणून गिअरबॉक्सचे तेल, एअर फिल्टरचा तेल लावलेला स्पंज आणि चेनचा ताण हे सर्व तासांच्या हिशेबाने, वहीत नोंद ठेवून पाहावे लागते.

भारतात या गाड्यांऐवजी रस्त्यावरच्या दोन-स्ट्रोक गाड्याच लोकांच्या हाती आल्या. राजदूत, म्हैसूरची जावा व तिचीच पुढची येझदी, आणि १९८५ पासून यामाहा आरएक्स हंड्रेड, ही ती परंपरा होय. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि दोन-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून हटल्या, पण त्या दुरुस्त करणारे हात नाशिकमध्ये टिकून राहिले. आरएक्स हंड्रेडचे वजन शंभर किलोंच्या आसपास आहे, म्हणजे शेर्पा टीपेक्षा फारसे अधिक नाही, हा योगायोग मला नेहमी आशादायक वाटतो.

त्यातच सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींमुळे इथे लेथ, ग्राइंडिंग आणि वायरकटची कामे करणारी लहान वर्कशॉप भरपूर आहेत. 'मायको'मध्ये (आताची बॉश) डिझेल इंजेक्शनचे नॉझल तयार करताना मायक्रॉनची शिस्त अंगी बाणवलेल्या पिढीचा या शहरावर मोठा प्रभाव आहे. दुर्मीळ गाडीचे बुश, स्पेसर किंवा फूटरेस्टचे ब्रॅकेट परदेशातून मागवण्यापेक्षा इथे नमुना देऊन करून घेणे सहज शक्य आहे.

जागेविषयी मात्र काटेकोर राहावे लागते. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचा बेसॉल्टचा कातळ ट्रायल्ससाठी मोहात पाडणारा असला, तरी अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गिधाडांची घरटी आणि 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही इथलीच दुर्मीळ वनस्पती ज्या डोंगरावर आहे, तिथे चाक नेण्याचा विचारही करू नये. सेक्शनला पन्नास पावलांची जागा पुरते, म्हणून शेताचा दगडाळ कोपरा किंवा बंद पडलेली खाण मालकाच्या परवानगीने वापरावी. तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, त्यामुळे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवू नये आणि ती टेम्पोतूनच न्यावी.

आरएक्ससारख्या इंजिनाला शांत करण्यासाठी मॅग्नेटवर (क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकावर) पोलादी कडे बसवण्याची पद्धत आहे. वजन वाढल्याने इंजिन कमी फेऱ्यांवर धडधडत राहते आणि दगडावर चढताना एकदम बंद पडत नाही. हे कडे केवळ वेल्डिंगने चिकटवू नये, नीट मापात टर्न करून, तापवून बसवावे, बोल्टने पक्के करावे आणि बॅलन्स तपासून घ्यावे, कारण ते फिरताना सुटले तर पाय जायबंदी होऊ शकतो. त्याआधी क्रँकचे बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलणे आवश्यक आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात सील गळू लागले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते आणि वाऱ्याविना सेक्शनमध्ये राबणारा सिलिंडर तापून पिस्टन जाम होतो. नाशिकच्या गॅरेजांत हा क्रम बहुधा उलटा होतो. कडे आधी बसते आणि पहिल्याच पावसाळ्यात पिस्टन जाम झाला की मग सील आठवते.