‘टेडी’ आला कुठून?

नोव्हेंबर १९०२मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. शिकारीची सगळी सूत्रं होल्ट कॉलियरच्या हाती होती. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस त्या मुलखातला अस्वलांचा नामांकित शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी एका अस्वलाला घेरलं. ते कुत्र्यांवर उलटलं, तेव्हा कॉलियरने बंदुकीच्या दस्त्याचा घाव घालून त्याला झाडाला बांधलं आणि रूझवेल्टना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी साफ नकार दिला. मुलांना सांगायची गोष्ट इथे संपते. अस्वल मात्र वाचलं नाही. जखमी जनावराचे हाल थांबवा, असं रूझवेल्टनीच सांगितलं आणि ते सुरीने मारलं गेलं.

१६ नोव्हेंबरच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमनने या प्रसंगावर व्यंगचित्र काढलं. त्यात फक्त नकार होता, सुरी नव्हती. पुढच्या चित्रांत त्याने त्या अस्वलाचं गोंडस पिल्लूच करून टाकलं. माझ्या मते टेडी जन्मला तो जंगलात नव्हे, या रेषांमध्ये.

ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटं विकणारे मॉरिस मिचटम हे रशियातून आलेले ज्यू. त्यांनी आणि पत्नी रोझने कापडी अस्वल शिवून दुकानात मांडलं, ‘टेडीज बेअर’, म्हणजे टेडीचं अस्वल, म्हणून. टेडी हे थिओडोरचं लाडकं रूप. नावासाठी राष्ट्राध्यक्षांची पत्राने परवानगी घेतल्याचं त्यांच्या घरात सांगितलं जाई. गंमत अशी, की ‘टेडी’ ही हाक खुद्द रूझवेल्टना आवडत नसे.

त्याच सुमारास जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारं अस्वल तयार केलं होतं, मिसिसिपीच्या प्रसंगाशी काही संबंध नसताना. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असलेल्या मार्गारेटना ते खपेल याची फारशी खात्री नव्हती. १९०३च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने ३,००० नगांची मागणी नोंदवली. १९०७मध्ये कारखान्यातून जवळपास पावणेदहा लाख अस्वलं बाहेर पडली. अमेरिकेत ती विकली गेली टेडी याच नावाने.

रूझवेल्टनंतर आलेल्या टाफ्ट यांच्यासाठी ओपोसम या प्राण्याचं ‘बिली पॉसम’ नावाचं खेळणं बाजारात आणलं गेलं. ते काही चाललं नाही.