उच्चतापसह अस्तराची निवड

धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, लॅडल (वितळलेला धातू नेण्याचे भांडे) आणि धातू वाहून नेणाऱ्या पन्हळी यांच्या आतल्या बाजूस उष्णता सोसणाऱ्या विटा, रॅमिंग मास (ठोकून बसवायचे दाणेदार मिश्रण) किंवा कास्टेबलचे (पाणी घालून ओतायचे सिमेंटयुक्त मिश्रण) अस्तर असते. ते कशाचे असावे हे तापमान, वितळलेला धातू, धातुमळी (धातूवर तरंगणारा वितळलेल्या अशुद्धींचा थर) आणि भट्टी चालवण्याची रीत यांवरून ठरवतात. केवळ वितळबिंदू पाहून केलेली निवड बहुधा फसते, कारण अस्तर वितळून जाण्यापेक्षा मळीत विरघळून जास्त झिजते.

म्हणून पहिला प्रश्न मळीचा. मळीत चुन्याचे प्रमाण सिलिकेपेक्षा बरेच जास्त असेल तर सिलिका किंवा फायरक्लेचे (उष्णता सोसणाऱ्या चिकणमातीचे) अम्लधर्मी अस्तर ती लवकर खाते. तेथे मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) किंवा डोलोमाइटचे अल्कधर्मी अस्तर लागते. सिलिकायुक्त मळीपुढे याच्या उलट घडते. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) या दोहोंच्या मधले आहे. पोलादाच्या लॅडलमध्ये मळीच्या रेषेवर मॅग्नेशिया-कार्बन विटा लावतात. त्यांतील ग्रॅफाइटमुळे मळी विटेला भिजवत नाही, मात्र तापवताना हवा लागली की तेच ग्रॅफाइट जळून विटेचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

तापमानाइतकाच भारही महत्त्वाचा. फायरक्लेची वीट भाराशिवाय १,६०० °से.च्या पुढेही तग धरते, पण भाराखाली साधारण १,३०० ते १,४०० °से.लाच दबू लागते. सिलिका वीट आपल्या वितळबिंदूच्या जवळपास येईपर्यंत भार पेलते, म्हणून भट्टीच्या कमानीत तिचा उपयोग झाला. मात्र ६०० °से.च्या खाली तिच्यातील स्फटिकरूपे बदलून आकारमान झपाट्याने बदलते. रोज विझणाऱ्या भट्टीत ती तडकते.

धातूही अस्तराशी रासायनिक क्रिया करतो. ॲल्युमिनियम जेमतेम ७०० ते ७५० °से.ला हाताळतात, त्यामुळे कोणतीही वीट चालेल असे वाटते. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम सिलिकेतील ऑक्सिजन ओढून घेतो; सिलिकॉन धातूत उतरते आणि भिंतीवर कोरंडमचे (स्फटिकरूप ॲल्युमिनाचे) कडक थर वाढतात. ते खरवडताना मूळ अस्तरही सोबत निघते. म्हणून येथे मोकळी सिलिका कमी असलेले उच्च ॲल्युमिनाचे अस्तर घेतात आणि धातू चिकटू नये म्हणून त्यात बेरियम सल्फेट घालतात.

कोअरलेस इंडक्शन भट्टीत (भोवतीच्या वेटोळ्यातील विजेने धातू तापवणारी भट्टी) ओतीव लोखंडासाठी कोरडा सिलिका रॅमिंग मास स्वस्त आणि योग्य ठरतो. त्यात सुमारे १ टक्का बोरिक आम्ल बंधक म्हणून असते. ते वाढवले तर अस्तर कमी तापमानाला मऊ पडते. १,५०० °से.च्या वर लोखंड बराच वेळ धरून ठेवले, तर त्यातील कार्बन सिलिकेचे अपचयन करतो, म्हणजे कार्बन घटतो आणि सिलिकॉन वाढते. मँगनीज पोलादासाठी सिलिका घेऊच नये. मँगनीज ऑक्साइड आणि सिलिका मिळून सहज वितळणारे सिलिकेट बनते व भिंत पाहतापाहता पातळ होते. तेथे मॅग्नेशिया किंवा स्पिनेल (मॅग्नेशिया व ॲल्युमिना यांचे संयुग) बनवणारा मास वापरतात.

उष्णता वाचवण्यासाठी मागे जाड इन्सुलेशन घालण्याचा मोह धोक्याचा आहे. त्याने पुढच्या थराचे सरासरी तापमान वाढते आणि भेगेत शिरलेला धातू थिजण्याची जागा भट्टीच्या बाहेरच्या कवचाच्या दिशेने सरकते. पातळ झालेल्या भिंतीतून धातू फुटून बाहेर येतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

निवड अचूक असूनही कास्टेबल घाईने तापवले तर वाया जाते. ११० °से.च्या आसपास मोकळे पाणी जाऊ द्यावे लागते, नंतर साधारण ३५० °से.पर्यंत सिमेंटमधले बांधील पाणी निघते. वाट न मिळालेली वाफ थरच उडवते. मॅग्नेशियाच्या विटा तर साठवणीतही ओल्या होता कामा नयेत. पाणी धरून त्या फुगतात आणि चिरतात.

दोन द्रव्यांत तुलना करायची असल्यास वाटी चाचणी घेतात. विटेच्या तुकड्यात भोक पाडून त्यात प्रत्यक्ष भट्टीतली मळी भरतात आणि कामाच्या तापमानाला काही तास ठेवतात. थंड झाल्यावर तुकडा मधोमध कापतात व मळी किती खोल शिरली, कड किती खाल्ली गेली हे मोजतात. मात्र वाटीतली मळी स्थिर असते आणि अस्तर विरघळल्यावर तिची तीव्रता कमी होते, त्यामुळे वाहत्या मळीपुढची झीज या आकड्यापेक्षा जास्त धरावी.