गेममधल्या झेंड्यांची भानगड

यंदा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आलेला भाचा दुपारी लॅपटॉप उघडून ‘व्हिक्टोरिया ३’ खेळत बसला. या गेममधलं जग १८३६ पासून सुरू होतं. नकाशा मोठा करत आपलं परभणी कुठे येतं ते शोधलं आणि म्हणाला, “मामा, आपण तर हैदराबादेत आहोत!” मी आजीच्या पेटीतला चारमिनार छापलेला हाली रुपया आणून त्याच्या हातावर ठेवला. आमच्या घरातली जुनी माणसं शेवटपर्यंत ‘हाली की कलदार?’ असं विचारायची. हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा.

गेमचं काही चुकलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही मराठवाड्यावर निजामाचाच झेंडा होता आणि तिरंगा लावणाऱ्याला तुरुंगाची वाट धरावी लागत होती. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार घेऊन गेलं. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलिस अ‍ॅक्शननंतर तो प्रश्न मिटला. आता समजा, कुणी जुलै १९४८ वर गेम काढला, तर देशांच्या यादीत हैदराबाद घालायचं की नाही? गेमवाल्यांचा घोळ होतो तो अशाच ठिकाणी.

पहिला मोठा धडा गेममधून नाही, ‘विंडोज ९५’ मधून मिळाला. टाइम झोन निवडायच्या नकाशात काश्मीरचे जेमतेम आठ पिक्सेल भारतापेक्षा वेगळ्या छटेचे होते. भारताने हरकत घेतली आणि दोन लाख प्रती मागे घ्याव्या लागल्या, असं मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने २००४ मध्ये सांगितलं. आठ ठिपके! आपल्याकडे कायदाही आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनुसार गुन्हा ठरतो.

२००४ मध्येच चीनने ‘हार्ट्स ऑफ आयर्न’वर बंदी घातली. तिबेट, मांचुरिया, शिंजियांग त्यात स्वतंत्र दाखवले होते, तैवान जपानच्या ताब्यात. गेम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि त्या काळात तैवान खरोखरच जपानकडे होता. पण इतिहासाचा दाखला कुणी ऐकून घेतला नाही. पाठोपाठ ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ गेला. त्यात तैवान, हाँगकाँग, मकाव, तिबेट हे वेगळे देश म्हणून होते.

फुटबॉलवाल्यांची मला थोडी दया येते. देशांची यादी ते स्वतः करत नाहीत, कुठून तरी उचलतात. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, फिफाचे २११. इंग्लंड आणि स्कॉटलंड मैदानावर वेगळे. कोसोव्हो संयुक्त राष्ट्रांत नाही, पण मे २०१६ पासून फिफात आहे. आपल्या क्रिकेटमधला वेस्ट इंडिज नावाचा तर देशच नाही, तरी नारळाचं झाड आणि स्टंप असलेला त्यांचा झेंडा प्रत्येक क्रिकेटवेड्या पोराला ठाऊक असतो. यादी ज्याची उचलली, त्याचं राजकारणही सोबत आलं.

यातून निघालेली पळवाट म्हणजे प्रत्येक देशासाठी वेगळी आवृत्ती. जर्मनीत स्वस्तिकाच्या नाझी चिन्हावरून गेम वर्षानुवर्षं काटछाट करून विकले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या मानांकन मंडळाने प्रत्येक गेम तपासून सूट द्यायचं मान्य केलं. पुढे मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ‘फिफा २२’ मधून रशियाचा संघच काढून टाकला. म्हणजे आज विकत घेतलेल्या गेममधला देश उद्या अपडेटबरोबर गायब होऊ शकतो.

चॅटमध्ये पोरं चिकटवतात त्या झेंड्यांच्या इमोजीत तर आणखी गंमत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं आणि इमोजी साठवायच्या जगभरच्या सामायिक पद्धतीत, झेंडा असा साठवलेलाच नसतो, देशाच्या कोडची दोन अक्षरं असतात. ‘आय’ आणि ‘एन’ शेजारी आले की फोन तिरंगा काढतो. कोणत्या जोडीला कोणतं चित्र काढायचं, की काढायचंच नाही, हे फोन बनवणाऱ्याच्या हातात. चीनसाठीच्या आयफोनवर तैवानची जोडी टाकली तर तिचा झेंडा उमटत नाही.