सागरी महामार्ग नावाचा गोंधळ: पुणेकरांच्या किनारा-ट्रिपची पार्श्वभूमी

ताम्हिणी उतरायचं, माणगावात नाश्ता करायचा, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तिथनं गाडी फेरीबोटीत टाकून पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले, हा रूट आता इतका रुळलाय की पुण्यात कुणाला नकाशा काढून दाखवावा लागत नाही. पण किनाऱ्याकिनाऱ्याने, सागरी महामार्ग म्हणवणाऱ्या रेवस-रेडी रस्त्याने, जायची ही पद्धत तशी अलीकडची. आजोबांच्या पिढीला विचारलं असतं तर म्हणाले असते, किनाऱ्याने कोण जातं, किनाऱ्यावर उतरतात.

कारण ही गावं वसलीत तीच समुद्राकडे तोंड करून. चौल आणि दाभोळ केवढी बंदरं होती, 1508 ला पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं वगैरे शाळेत होऊन गेलंय, ते सोडून देऊ. 1755 ला सुवर्णदुर्ग आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्ग, इंग्रजांना सोबत घेऊन पेशव्यांनी आंग्र्यांचं आरमार संपवलं, हा विषय जेवताना कुणी काढला की आपण पुणेकरांनी खाली मान घालून सोलकढी प्यायची. बाणकोट त्याच व्यवहारात इंग्रजांकडे गेलं.

नंतर आली आगबोट. मुंबईहून निघायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरवायचं. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची बोट बंद. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून जवळच्या रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, ती आठवण अलिबागकडच्या घरांमधून अजून निघते.

पुण्याचा संबंध वेगळ्या वाटेने आला. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, वेळास नाना फडणवीसांचं, दापोलीजवळचं मुरूड महर्षी कर्व्यांचं, त्यामुळे पेठांमधली अर्धी आडनावं खाली कुठल्यातरी खाडीकाठची. पहिले टूरिस्ट म्हणजे कुलदैवताला जाणारे. स्वारगेटहून एसटी, रात्री उशिरा गाव, गुरुजींच्या पडवीत मुक्काम, सकाळी अभिषेक आणि केळीच्या पानावर जेवण. आज ज्याला होमस्टे म्हणतात तो बऱ्याच ठिकाणी याच पडवीला अटॅच्ड बाथरूम काढून झालाय, मेन्यूही फारसा बदललेला नाही.

मग दोन गोष्टी झाल्या. 1997 ला दिवेआगरला वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गाड्यांची रांग लागली. 2012 ला तो चोरीला गेला, तरी गर्दी काही हटली नाही, कारण तोवर लोकांना बीच आणि उकडीचे मोदक आवडून गेले होते. दुसरी गोष्ट वेळासची कासवं. 2002 च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायचं काम सुरू झालं, पुढे त्याचा महोत्सव झाला, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे उठून टोपलीखालून निघालेली पिल्लं बघायला अर्धं कोथरूड तिथे उकिडवं बसलेलं दिसायला लागलं.

आता मुख्य घोळ. "आपण सागरी महामार्गाने जाऊ" असं ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. तर रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा हा रस्ता ऐंशीच्या दशकापासून चर्चेत आहे, लांबी पाचशेच्या आसपास किलोमीटर, आणि नाव महामार्ग असलं तरी प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो दोन माडांमधून जाणारा, समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचा रस्ता आहे. आणि तो सलग नाही! धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड, प्रत्येक खाडीला तो पाण्यात जाऊन थांबतो. भाट्ये, जैतापूर इथले पूल झाले, या मोठ्या खाड्या राहिल्या. बाणकोटला तर पुलाचे खांब कित्येक वर्षं नुसते उभेत, फेरीतून जाताना लोक त्यांचेच फोटो काढतात. त्यात मुंबई-गोवा महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 वेगळा, तो आतून महाड-चिपळूणवरून जातो, 1998 ला पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच, आणि वर प्रस्तावित द्रुतगती मार्ग हे तिसरंच प्रकरण. सागरी, 66 आणि द्रुतगती या तिन्ही रस्त्यांना लोक सर्रास "कोकण हायवे" म्हणतात आणि बातमी वाचून भलत्याच रस्त्यावर खूश होतात. दाभोळचं नाव असंच गंडलंय म्हणा, तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प दाभोळात नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला आहे.

पूल हवेत की नकोत यावर माझं मत सांगतो. गावातल्या माणसाला पूल हवा, यात वादच नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरी काही मिनिटांत पोचवते, तेच अंतर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटर पडतं, रात्री पेशंट न्यायचा असेल तर काय करायचं? पण रुंद, वेगाचा रस्ता थेट पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, खेटून न्यायचा की आहे तोच नीट करून फक्त पूल जोडायचे, हा निर्णय वेगळा आहे आणि तो नेहमी पहिल्या प्रश्नात मिसळला जातो. पुलांच्या निविदा गेल्या काही वर्षांत निघाल्यात. त्याच्या आधीपासून सातबाऱ्यावरची नावं बदलायला लागलीत हे तिथे दोन दिवस राहिलं तरी कळतं.

आणि हा किनारा अजून रानटी राहिलाय तो बराचसा या खाड्यांमुळेच. कांदळवन, कातळाचे सडे, मध्येच सरळ समुद्रात उतरलेले कडे, हे सगळं टिकलं कारण एका दमात कुणाला पार करता येत नव्हतं. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या 1991 च्या सीआरझेड नियमांनी थोडा हातभार लावला, पण त्यांना बगल देऊन झालेली बांधकामंही कमी नाहीत. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळ-पोफळीच्या बागा अक्षरशः झोपल्या. पोफळ परत धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणून काही वाड्यांमध्ये झाडांऐवजी खोल्या उभ्या राहिल्या.

मागच्या डिसेंबरात बाणकोट खाडीवरच्या वेश्वीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी. फेरीचा रॅम्प खाली गेलेला, हेल्पर पोरगा "येऊ दे, येऊ दे, डावी मार" करत होता आणि तरी पुढचा बंपर घासलाच. मागच्या गाडीतले काका खाली उतरून बघून गेले आणि म्हणाले, भरतीला यायचं होतं ना, टाइमटेबल काय फक्त बोटीचं असतं का.