मोरीला वार असली, तरी ती देवमासा नव्हे

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात मोरी कापताना कधीकधी पोटातून पिल्लं निघतात. मग गिऱ्हाइकांतला कुणी जाणकार सांगतो, "पिल्लं घालते ना, मग देवमाशाच्याच जातीची." साफ चूक. देवमासा सस्तन, फुप्फुसाने श्वास घेणारा. मोरी म्हणजे लहान शार्क: कल्ले, कूर्चेचा सांगाडा, सगळं माशाचं.

आपल्याकडे मोरी म्हणून विकली जाणारी एक जात म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या मंडळींना हे नाव फॉर्मलिनच्या वासासकट आठवेल. म्युलर आणि हेन्ले या जर्मनांनी १८३८ मध्ये तिचं वर्णन केलं.

खरी गंमत तिच्या गर्भाशयात आहे. अंडं जेमतेम १ मिलिमीटर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, आणि त्यात बलक जवळपास नाहीच. वार म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव, प्लॅसेंटा. ती असलेल्या इतर शार्कांत गर्भ आधी बलकावर वाढतो. तो संपत आला की रिकामी बलकपिशवी गर्भाशयाला चिकटून तिची वार बनते. इथे बलकच नाही, त्यामुळे गर्भ ३ मिलिमीटरचा असतानाच चिकटतो. गर्भाशयाच्या भिंतीला रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला, वाटीच्या आकाराचा भाग तयार होतो आणि वार त्यात बसते. नाळेवर बारीक तंतूंची दाट लव असते. पाचसहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटरची पिल्लं बाहेर येतात.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालतात. मोरीला स्वतःला दुधाचा थेंब नसतो! त्या समजुतीला भक्कम पुरावा नाही. उलट शार्कच्या मांसात पारा साठतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईने तो टाळलेलाच बरा.

मग वार असलेल्यांचं वेगळं कुळ करावं का? नाही. मुस्टेलस या शार्कांच्या एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) दोन जातींपैकी मुस्टेलस मुस्टेलसला वार असते, मुस्टेलस अ‍ॅस्टेरियासला नसते. शार्कच्या नाळेबद्दल अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. ते १८४२ मध्ये पडताळताना याच म्युलरने हा फरकही दाखवला.

म्हणून वर्गीकरण करणारे दात, पर, ओठांच्या खाचा आणि आता डीएनए बघतात. १९६४ मध्ये स्प्रिंगर या मत्स्यशास्त्रज्ञाने स्कोलिओडॉन, लॉक्सोडॉन आणि ऱ्हायझोप्रिओनोडॉन या एकमेकांत मिसळलेल्या शार्क-प्रजातींची खिचडी निवडली. ऱ्हायझोप्रिओनोडॉन अ‍ॅक्यूटसच्या तोंडाच्या कोपऱ्यात लांब खाचा असतात, स्कोलिओडॉनच्या नावापुरत्या. २०१० मध्ये पश्चिम प्रशांत महासागरातली स्कोलिओडॉनही वेगळी जात निघाली, स्कोलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकॉस.