टॅटू काढला की रक्तदान कायमचं बंद? नाही हो!

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात हे हमखास ऐकू येतं, "टॅटू आहे ना, मग तू आता आयुष्यभर रक्त देऊ शकत नाहीस". साफ चूक. भारतात नियम असा आहे की टॅटू काढल्यापासून १२ महिने थांबायचं, नंतर बाकी तब्येत ठीक असेल तर खुशाल द्या. तसं नसतं तर हातभर गोंदण असलेल्या गावाकडच्या कितीतरी बायका बादच झाल्या असत्या.

आता थांबायचं का, तर शाईपेक्षा सुईमुळे. आधी कुणाला वापरलेली सुई असेल तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही लागू शकतो आणि लागण झाल्यावर सुरुवातीचा काही काळ टेस्टमध्ये ते सापडतच नाही, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह पण रक्त मात्र धोक्याचं. त्यामुळे फॉर्म भरताना टॅटू लपवू नका प्लीज.

आणि म्हणूनच डिझाइनवर महिनाभर डोकं खाण्यापेक्षा स्टुडिओत एवढं बघा की सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढतायत का, शाई छोट्या कपात वेगळी ओततायत का, ग्लोव्हज नवे आहेत का. जत्रेतला स्वस्त टॅटू तर नकोच. नंतर सौम्य साबणाने धुवायचं, खपली ओढायची नाही, हळद तर अजिबात नाही, भरेपर्यंत स्विमिंग बंद. लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप आला तर स्टुडिओवाल्याला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.